तळ्याकाठच्या बागेत मी दिलेलं उत्तर

चीनला मी पहिल्यांदा गेलो त्याला बरीच वर्षं झाली. तिकडचे फोटो दाखव म्हणून कुणी मागे लागलं की मी सांगतो, हार्ड डिस्क उडाली. कसली उडतेय! चांगली ठणठणीत कपाटात पडून आहे. त्यातले निम्म्याहून जास्त फोटो एकाच जागेचे आहेत, हांगझोऊच्या मोठ्या तळ्याकाठच्या एका जुन्या बागबंगल्याचे. त्या बंगल्यात आजवर हजारो लोक येऊन गेले असतील, पण माझ्याइतका गाढव त्यांत दुसरा नसेल. फोटोंमध्ये मी हसतोय. तेच बघवत नाही.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, सनीव्हेलला राहत होतो. दोन हजार पाच-सहाचा सुमार. तयार झालेली चिप नीट चालते की नाही हे तपासणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहायची. टीम सात जणांची, त्यात मराठी आम्ही दोघंच. मी नाशिकचा, तो नागपूरचा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याला न विचारता त्याच्याबद्दल बोलायची माझी खोड एकदा फार महागात पडली आहे. मला नव्हे, त्याला.

आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये होतो. मी आणि माझी बायको खाली, तो आणि त्याची बायको बरोबर आमच्या डोक्यावर. ऑफिसला एकाच गाडीने जायचो. गाडी त्याची, बडबड माझी. मी चार-पाच वाक्यं बोललो की तो एकदा म्हणायचा, "हो ना बे." बस. एवढ्यावर तीन वर्षं आमचं छान चाललं होतं. कमी बोलणाऱ्या माणसाच्या सहवासात राहिलं की आपण हळूहळू त्याच्या वाटचंही बोलायला लागतो, आणि ते त्याच्याच मनातलं आहे अशी आपली खात्री होऊन बसते. ऑफिसात एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला, तेव्हा मी परस्पर जाहीर करून टाकलं की हा अंडं खात नाही. बिचारा पुढची दोन वर्षं प्रत्येक वाढदिवसाला हात बांधून उभा राहिला. नंतर त्याची बायको हसत हसत म्हणाली, अहो भाऊजी, खातो की तो, घरी रोज ऑम्लेट लागतं. त्यावर मीही हसलो. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता थोडं व्हिसाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही सगळे एच-वन व्हिसावर होतो. तो जास्तीत जास्त सहा वर्षांचा, आणि नोकरी गेली की संपल्यातच जमा. त्या सहा वर्षांत कंपनीने तुमची ग्रीन कार्डची फाईल पुढे सरकवली तर तुम्ही राहिलात, नाहीतर सामान बांधा. त्याचं सहावं वर्ष चालू होतं आणि फाईल पहिल्याच पायरीवर अडकून पडली होती. शिवाय पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. देशात आहात तोवर त्याने काही बिघडत नाही, पण एकदा बाहेर गेलात की परत येताना वकिलातीत मुलाखत देऊन नवा शिक्का घ्यावा लागतो. तिथल्या काचेमागच्या माणसाच्या मनात आलं तर तो महिनोन्‌महिने लटकवून ठेवू शकतो. असं झालेली दोन माणसं आम्ही डोळ्यांनी पाहिली होती.

म्हणून आमच्या लोकांत एक रीतच पडून गेली होती. फाईल चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि साहेब कुणाला बाहेर पाठवायचं म्हणाला, तर त्या माणसाने नाही म्हणायचं नसतं, कारण नाही म्हटलेलं बरं दिसत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी साहेबाला हळूच सांगायचं, की तो हो म्हणेल हो, पण त्याला पाठवू नका, त्याची अडचण आहे. हे सगळेच करायचे. माझ्यासाठी एकाने केलं होतं, मी दोघातिघांसाठी केलं होतं. आणि केलेलं नंतर बोलून दाखवायचं नाही, हाही त्या रीतीचाच भाग.

त्या वर्षी कंपनीने हांगझोऊला ऑफिस उघडलं. दहा-बारा पोरं तिथे नुकतीच घेतली होती, आणि त्यांना आमचं काम शिकवायला कुणीतरी दोन आठवडे जायचं होतं. माझा शिक्का ताजा होता, बहिणीच्या लग्नाला घरी गेलो होतो तेव्हाच मारून आणलेला. मग मीच निघालो. एप्रिल होता. वरच्या मजल्यावर त्याच्या बायकोला चौथा महिना लागला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला डबा भरून मेथीचे पराठे दिले आणि म्हणाली, "तिकडे तुम्हाला खायला काही मिळणार नाही भाऊजी, हे पुरवून पुरवून खा."

पहिला आठवडा शिकवण्यात गेला. पोरं हुशार होती, चिवट होती, आणि मला सर म्हणायची. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या व्हायच्या. सनीव्हेलमध्ये मला कोण सर म्हणणार? दुसऱ्या आठवड्यात आमचा साहेबही तिथे आला. तो मूळचा तिकडचाच. लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला, पन्नाशीचा, हळू बोलणारा. माणूस वाईट नव्हता. आज मागे वळून बघतानाही मला त्याला शिव्या घालता येत नाहीत. आल्या असत्या तर किती सोपं झालं असतं.

रविवारी तो म्हणाला, चल, तुला इथली एक जुनी बाग दाखवतो. तिथल्या टीमची प्रमुख पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी होती, तीही आमच्याबरोबर आली. टॅक्सीने तळ्याच्या कडेकडेने गेलो आणि एका बोळात उतरलो. समोर पांढरी उंच भिंत आणि तिच्यात एक काळं, बुटकं दार. एवढंच. मी म्हटलं, हेच का ते? साहेब म्हणाला, आत चल.

आत गेलो आणि खरंच गप्प झालो. दारासमोर एक मोठा, भोकाभोकांचा दगड उभा, त्याच्यामुळे पुढचं काहीच दिसत नव्हतं. दगडाला वळसा घातला की छप्पर असलेली एक लांब पडवी सुरू व्हायची, आणि ती सरळ म्हणून जायचीच नाही. सात-आठ पावलं डावीकडे, की वळली, पुन्हा सात-आठ पावलं उजवीकडे. भिंतीत खिडक्या, प्रत्येक खिडकीचा आकार वेगळा. एक पंख्यासारखी, एक पानासारखी, एक नुसतीच गोल. एका खिडकीतून बांबूची चार झाडं दिसायची, दुसरीतून पाण्याचा तुकडा, तिसरीतून छपराची वर वळलेली कड. खाली हिरवट पाणी, त्यात सुपाएवढे लाल मासे. पिवळ्या टोप्या घातलेली म्हाताऱ्या-कोताऱ्यांची एक टूर पुढे चालली होती आणि त्यांचा गाईड कर्ण्यातून ओरडत होता. ती टूर पुढे सरकेपर्यंत आम्ही मध्येच थांबून राहायचो.

मुलगी माहिती सांगत होती. एका रेशमाच्या व्यापाऱ्याने म्हातारपणी राहायला हा बंगला बांधला. बांधायला बरीच वर्षं लागली आणि राहायला मिळाले दोन उन्हाळे. मग तो कुणा सेनापतीकडे गेला, मग आणखी कुणाकडे, मग सरकारकडे. मधल्या वाईट दिवसांत, म्हणजे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, दगड फोडले आणि हे सगळं पाणी बुजवून त्यावर कोबी लावला; पुढे ते पुन्हा उभं केलं. "माझे वडील तेव्हा शाळेत होते. त्यांच्या शाळेला माती टाकायला आणलं होतं," ती म्हणाली. मी विचारलं, मग आता ते बघायला येतात का? ती म्हणाली, "नाही येत. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, मी पाहिलंय ते."

मग ती सांगायला लागली, की अशा बागेची खुबी म्हणजे ती कुठूनही पूर्ण दिसत नाही. माणसाला एका वेळी एकच तुकडा दाखवायचा, पुढे काय आहे ते वळल्याशिवाय कळता कामा नये. मी लगेच विनोद केला. म्हटलं, बांधणारा नक्की कुठल्यातरी कंपनीत मॅनेजर असणार. मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. साहेब हसला नाही. तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मी स्वतःच्या विनोदावर खूश होतो.

पडवी संपते तिथे तळ्यात पुढे आलेला एक मंडप आहे. तीन बाजूंनी पाणी, पलीकडच्या काठावर धुक्यात एक मनोरा आणि डोंगर. तिथे चहा मिळतो. चहा म्हणजे काचेच्या ग्लासात गरम पाणी आणि त्यात उभी तरंगणारी हिरवी पानं. दूध नाही, साखर नाही, आलं तर सोडाच. मी तोंड वाकडं न करता प्यायलो. मुलगी कुणाचा तरी फोन आला म्हणून उठून पडवीत गेली. मंडपात आम्ही दोघंच उरलो.

साहेबाने विषय काढला. अगदी सहज, मनोऱ्याकडे बघत. म्हणाला, इथलं ऑफिस बसवायला आपल्या टीममधून काही लोक सहा महिने इथे येऊन राहायला हवेत. कोण येऊ शकेल? आणि त्याने एकेकाचं नाव घेतलं.

मी काय पारावर बसल्यासारखा उत्तरं देत होतो! हा ना, हा येईल, सडाफटिंग आहे. ती येईल, तिचा नवरा घरूनच काम करतो. हा येईल पण कुरकुर करेल. माझं विचारत असाल तर मी एका पायावर तयार. असं करत करत साहेबाने त्याचं नाव घेतलं.

"त्याला नको," मी म्हणालो.

"का?"

"त्याची बायको गरोदर आहे. शिवाय त्याचा व्हिसाचा शिक्का संपलाय. बाहेर पडला तर परत येण्याची मारामार. तुम्ही विचारलंत तर तो हो म्हणेल. पण ते नुसतं भिडेखातर. त्याला पाठवू नका."

साहेबाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नक्की? त्याने हो म्हटलं तरी?"

"हो म्हटलं तरी. मी ओळखतो ना त्याला. त्याच्या मनातलं मला न सांगता कळतं."

ते वाक्य मी इंग्रजीत बोललो होतो, पण ते आजही मला मराठीतच ऐकू येतं, माझ्याच आवाजात, त्या फुशारकीसकट. साहेबाने मान हलवली. मुलगी परत आली. साहेबाने माझा कॅमेरा घेऊन माझे फोटो काढले. तळं मागे घेऊन, मनोरा मागे घेऊन, गोल दारात उभा करून. दोस्ताचं एक चांगलं काम केलं म्हणून मी मनातून खूश होतो आणि ते त्या फोटोंत स्वच्छ दिसतं.

परत आल्यावर सोमवारी नेहमीसारखे आम्ही गाडीने निघालो. मी चीनचं पुराण लावलं होतं. मध्येच एका सिग्नलला त्याने विचारलं, "साहेब काही बोलला का बे, तिकडच्या कामाचं?"

तीन वर्षांत त्याने आपणहून विचारलेले प्रश्न मी बोटांवर मोजले असते. त्यातला हा एक. आणि मी काय म्हणालो? "काही नाही रे. तू टेन्शन नको घेऊ, मी आहे ना."

"हो ना बे," तो म्हणाला, आणि सिग्नल हिरवा झाला.

जूनमध्ये एका मंगळवारी सकाळी चौघांना एकेक करून कोपऱ्यातल्या खोलीत बोलावलं. तो दुसरा होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक जाड लिफाफा होता आणि मागे सिक्युरिटीचा माणूस. डेस्कवरचं सामान त्याने शांतपणे खोक्यात भरलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडी मी घेऊन जातो. तू संध्याकाळी कुणाबरोबर येशील का?" त्या क्षणीही त्याला माझ्या घरी जायची काळजी.

मी तडक साहेबाच्या खोलीत घुसलो आणि आवाज चढवला. त्याची सहा वर्षं संपत आलीत, त्याची बायको सहा महिन्यांची गरोदर आहे, दुसरी कंपनी त्याची फाईल पहिल्यापासून काढणार आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नाही, आज त्याला काढणं म्हणजे देशाबाहेर काढणं आहे, हे कळतंय का तुम्हाला? साहेबाने उठून दार लावून घेतलं.

म्हणाला, "काम सगळं तिकडे जातंय. तिकडे जाऊन ते बसवून देणारे तेवढेच लोक मला ठेवता येणार होते. मी तुला बागेत विचारलं."

"कशासाठी विचारताय ते सांगितलं नाहीत!"

"सांगायची मला परवानगी नव्हती. पण मी दोनदा विचारलं." मग तो पुन्हा खुर्चीत बसला. "तू चीनला होतास तेव्हा मी इथे उरलेल्या सगळ्यांना मेल केली होती, कोण येईल म्हणून. त्याचं उत्तर सगळ्यात आधी आलं. मी यायला तयार आहे, असं. पण तू म्हणालास, तो भिडेखातर हो म्हणेल. मीही तसल्याच घरातून आलोय. मला ते पटलं."

मला ती मेल माहीतच नव्हती. तो सांगेल असा माणूस नव्हता, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, आता बदला. तो म्हणाला, यादी वर गेली. मी म्हटलं, माझ्या जागी त्याला ठेवा. हे मी म्हटलं हे खरं आहे, पण ते म्हणताना ते होणार नाही हेही मला माहीत होतं. म्हणून त्याचं श्रेय मी घेत नाही.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ता वर जा आणि सांगून टाक. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आधी त्याला नोकरी शोधायला मदत करतो, मग सांगतो. भित्रा माणूस कामाला लागला की त्याच्याइतका कामसू दुसरा नाही. मी त्याचा रेझ्युमे चार वेळा लिहिला. ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले. त्याला इंटरव्ह्यूला सोडलं, आणलं. त्याच्या बायकोला डॉक्टरकडे मी न्यायचो, कारण तो वकिलाकडे बसलेला असायचा. दोन कंपन्या घेतो म्हणाल्या, आणि व्हिसाचे किती महिने उरलेत हे कळल्यावर दोन्हींनी फोन घेणं बंद केलं. ऑफिसचा आरोग्यविमा बंद होणार होता. डॉक्टर म्हणाली, विमानाने जायचं तर पुढच्या तीन-चार आठवड्यांत जा, नंतर कुणी चढू देणार नाही. मग भारतात परतायचं ठरलं. बाळंतपणासाठी तिची आई वर्ध्याहून यायची होती, तिचं तिकीट कॅन्सल केलं. पाळण्याचं खोकं न उघडताच दुकानात परत दिलं. ते माझ्याच गाडीतून नेलं.

आमच्या मराठी ग्रुपमधल्या एक काकू एकदा जेवायला जमलो असताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही हो. तो शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हातातल्या प्लेटकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मी तोंड उघडलं नाही. बायकोने घरी माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. ती एवढंच म्हणायची, ते जायच्या आत.

शेवटी ते जायचा दिवसच उजाडला. दुपारचं विमान होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि कुणी दार उघडायच्या आत म्हणालो, "थांबा. मला एक सांगायचंय."

आणि सांगितलं. बाग, मंडप, साहेबाचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडे बघत सांगितलं.

"माहीत आहे बे," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. तो माझ्या शेजारी बसला होता, पासपोर्टांचं पाकीट मांडीवर धरून.

"रेफरन्स मागायला साहेबाला फोन केला होता. तेव्हा त्यानं सांगितलं. सॉरी म्हणाला. महिना होत आला त्याला."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली," तो म्हणाला. "मग वाटलं, राहू दे."

महिनाभर! महिनाभर हा माणूस माझ्या गाडीत बसत होता, मी लिहिलेले रेझ्युमे बघून थँक्स म्हणत होता. मी रडायला लागलो. मला वाटलं, तो आता काहीतरी म्हणेल. शिवी घालेल, किंवा पाठीवर हात ठेवेल. पण मागच्या सीटवरून त्याची बायकोच बोलली.

"मी बोलू का भाऊजी?"

आवाज शांत होता. नेहमी चहा विचारायची तसाच.

"साहेबाची मेल आली त्या दिवशी आम्ही दोघं बसून बोललो. ह्याला माझी काळजी वाटत होती. मी म्हटलं, जा. सहाच तर महिने आहेत. आई येईल माझी, बाळंतपण निभावेल, नोकरी राहील, फाईल राहील. शिक्क्याचं काय व्हायचं ते होईल. मी समोर बसून ह्याच्याकडून उत्तर लिहून घेतलं. आणि तुम्ही तिकडे चहा पीत पीत माझं पोट पुढे केलंत."

"मला वाटलं..." मी म्हणालो.

"हो. तुम्हाला वाटलं."

ती दार उघडून उतरली. उतरायला तिला वेळ लागला, दाराला धरून, कमरेला धरून. मी धावत मागे गेलो आणि डिकी उघडली. चार मोठ्या बॅगा होत्या. दोन त्याने काढल्या. तिसरी मी उचलायला वाकलो.

"बॅगेला हात लावू नका," ती म्हणाली.

मी म्हटलं, अहो, सातवा महिना आहे तुम्हाला, तुम्ही जड उचलायचं नाही. बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग ती पुढे झाली, दोन्ही हातांनी ती बॅग डिकीच्या कडेपर्यंत ओढली, गुडघ्याचा टेकू देऊन खाली उतरवली आणि क्षणभर डोळे मिटून तिथेच उभी राहिली. त्याने चौथी काढली. बॅगांची चाकं सिमेंटवर खडखडत होती. ते दोघं लिफ्टकडे निघाले, तो तीन बॅगा कशाबशा सांभाळत, ती एक ओढत, दर थोड्या पावलांवर थांबत. मी डिकीजवळ उभा होतो. तिला मदत करायला मला कुणी बोलावलं नाही.